दिल्ली ते टोकियो: विमानाचे अंतर आणि प्रवासाची वेळ कशी काढावी

आधी विमानतळ नक्की करा. टोकियोला दोन आहेत. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी लांब. हवेतल्या वेळेत फारसा फरक पडत नाही, पण उतरल्यावर मुक्कामी पोचायला पडतो. इथे हानेदा धरू.

आता सरळ अंतर. दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर अक्षांश, ७७.१० पूर्व रेखांशावर आहे, हानेदा ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्वेला. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतेच येते. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२७८. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (६२.६८) कोसाइन या तिन्हींचा गुणाकार: ०.३२८. बेरीज ०.६०६. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ५२.७ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे ५,८६० किमी. हेच अंतर कुठे ३,१६० तर कुठे ३,६४० मैल दिसले तर गोंधळू नका: पहिले नॉटिकल मैल, दुसरे साधे.

पण विमान या रेषेवरून जात नाही, आणि वेळेचा अंदाज बहुतेकांचा इथेच चुकतो. ही रेषा हिमालय ओलांडून थेट तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला काही मिनिटांत साधारण ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंच. खाली यायला जागाच नाही. म्हणून विमाने दक्षिणेकडून, म्यानमार आणि चीनच्या युनान प्रांतावरून वळसा घेतात. हिशेबासाठी युनानची राजधानी कुनमिंग हा मधला टप्पा धरा: दिल्ली–कुनमिंग २,५८० किमी, तिथून हानेदा ३,७००. एकूण ६,२८०.

आता वारा. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरा. हिवाळ्यात पूर्व आशियावर पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, फार जोरात असतो. जपानजवळ तो ताशी २०० किमीच्याही वर जातो. पूर्ण वाटेवर सरासरी १०० धरली, तर जाताना वारा पाठीशी, म्हणून ६,२८० ला १,००० ने भागा: सव्वासहा तास. येताना वारा समोरून, म्हणून ८०० ने: पावणेआठ ते आठ. दोन्हीकडे चढण्या-उतरण्याचा अर्धा तास आणि धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा आणखी अर्धा तास मिळवा. जाताना साधारण सव्वासात, येताना पावणेनऊ. वेळापत्रकात याहून थोडी जास्त वेळ लावलेली असते, कारण कंपन्या उशिराची सोय ठेवतात. उन्हाळ्यात हा प्रवाह उत्तरेकडे सरकून मंदावतो आणि दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावच्या असतात. टोकियोचे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे आणि दोन्ही देशांत उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणे) पाळत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच. टोकियोहून सकाळी ११ ला निघून दिल्लीत संध्याकाळी ५ ला पोचल्याचे दिसले तर प्रवास सहा तासांचा नाही. साडेतीन मिळवा, साडेनऊ होतात. जाताना उलट, साडेतीन वजा करा.

पुण्या-मुंबईहून दिल्लीमार्गे जाणार असाल तर तिकिटावरच्या 'एकूण वेळे'त दिल्लीतला थांबाही धरलेला असतो. दोन्ही उड्डाणांची वेळ वेगळी काढा.