जुनं अवजड ट्रक इंजिन आणि गिअरबॉक्स: पारख, तपासणी आणि निगा

जुनं इंजिन पारखताना बहुतेक जण हॉर्सपॉवर विचारतात. त्याआधी डिझेल सिलिंडरपर्यंत कसं पोचतं ते बघा. दुरुस्ती कोण करू शकेल, कोणती हत्यारं लागतील आणि रस्त्यात बिघाड झाला तर गाडी स्वतःच्या चाकांवर परत येईल की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

इंजिनं: कोणतं कशात बरं

कमिन्स एनटीसी-८५५ मध्ये ८५५ घनइंच म्हणजे १४ लिटर, सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) १३९.७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) १५२.४ मिमी आहे. यातल्या पीटी (प्रेशर-टाइम) पद्धतीत पंप फक्त मध्यम दाबाने डिझेल पुरवतो. मोठा दाब इंजेक्टरमध्येच कॅमच्या जोरावर तयार होतो. त्यामुळे नोझलकडे जाणारे हाय-प्रेशर पाइप नाहीत, आणि ते फुटण्याची कटकटही नाही. दुखणं असतं ते सक्शन बाजूला. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरली की ताकद पडते आणि लोक विनाकारण पंप उघडतात. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावून इंजिन रेस करा. बुडबुडे दिसले तर नळी, जोड आणि फिल्टरचं सील आधी बदला.

या पंपावरच्या बंद करायच्या व्हॉल्व्हला हाताने उघडायचा स्क्रू असतो. वायरिंग गेलं तर तो आत फिरवून गाडी घरी आणता येते. पण तो तसाच राहिला तर चावी काढूनही इंजिन बंद होत नाही, म्हणून जुनी गाडी घेताना हा स्क्रू कोणत्या स्थितीत आहे ते आवर्जून बघा. काळा धूर भरपूर असेल तर कुणीतरी एअर-फ्युएल कंट्रोल (टर्बोची हवा येईपर्यंत डिझेल रोखणारा भाग) बायपास करून 'पिकअप वाढवला' असण्याची शक्यता मोठी. अशा इंजिनाचे पिस्टन आणि टर्बो जास्त तापून गेलेले असतात.

एन१४ हे त्याच १४ लिटरचं पुढचं रूप. याच्या सेलेक्ट आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आले. डिझेल वाचतं, बिघाडाचे कोड मिळतात, मात्र हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि कंट्रोल मॉड्यूल हे दोन नवे संशयित यादीत येतात.

कॅटरपिलर ३४०६ चे ए, बी आणि सी हे यांत्रिक इनलाइन पंपाचे, १४.६ लिटर, बोअर १३७ मिमी, स्ट्रोक १६५ मिमी. चढावर कमी आरपीएमला ओढण्यात हे इंजिन खास. पंप मात्र टेस्ट बेंचशिवाय नीट लागत नाही. १९९३ मध्ये आलेल्या ३४०६ई मध्ये कॅम वर हेडमध्ये गेला आणि इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक झालं. सुटे भाग महाग, तरी जास्त वजन ओढायचं असेल तर हेच निवडावं असं आमचं मत.

डेट्रॉइट सिरीज ६० हे १९८७ पासूनचं, सुरुवातीपासूनच इलेक्ट्रॉनिक आणि ओव्हरहेड कॅमचं. ११.१ आणि १२.७ लिटर या जुन्या मापांपैकी १२.७ घ्यावं. सपाट रस्त्यावरच्या लांब पल्ल्याला डिझेलच्या हिशेबात ते या सगळ्यांत उजवं पडतं. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल तर बहुधा डिझेल मागे टाकीत उतरतंय. इंधन मार्गातला चेक व्हॉल्व्ह आणि फिल्टरची सीलं बघा.

डेट्रॉइटची जुनी टू-स्ट्रोक ७१ आणि ९२ ही वेगळीच जात. आकडा एका सिलिंडरच्या घनइंचांचा. यांना १५डब्ल्यू-४० ऑइल घालू नका. कमी राखेचं एकेरी ग्रेडचं ४० नंबर लागतं. इथे एक तपासणी इतर कुठल्याही इंजिनापेक्षा सोपी आहे. एअरबॉक्सची (सिलिंडरांभोवतीच्या हवेच्या पोकळीची) झाकणं काढा, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) खिडक्यांतून पिस्टन दिसतो. इंजिन हाताने फिरवत प्रत्येक रिंग खिडकीसमोर आणा आणि लाकडी काडीने दाबा. चांगली रिंग दबून परत उसळते, तुटलेली तशीच पडून राहते. हेड न उचलता अर्ध्या तासात निकाल लागतो. ब्लोअरच्या तोंडावरचं इमर्जन्सी फ्लॅप पूर्ण बंद होतं का तेही बघाच. इंजेक्टरचा रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी दांडी) अडकला तर हे इंजिन बेलगाम पळतं आणि हवा तोडणं हाच उपाय उरतो.

हेड उचलण्याआधी

ऑइलची पातळी आपोआप वाढतेय आणि प्रेशर कमी होतंय, तर आत डिझेल उतरतंय. एनटीसी, एन१४ आणि सिरीज ६० या तिन्हींत इंजेक्टरपर्यंतचा इंधनमार्ग हेडमधूनच जातो, त्यामुळे इंजेक्टरची ओ-रिंग गेली की डिझेल थेट ऑइलमध्ये. डिझेलमध्ये अल्ट्राव्हायोलेट रंग टाकून, टॅपेट कव्हर काढून, आयडलवर दिव्याने बघितलं की कोणता इंजेक्टर ते सापडतं. अशा पातळ ऑइलवर गाडी चालवली तर मेन आणि बिग-एंड बेअरिंग जातात, म्हणून 'पुढच्या सर्व्हिसला बघू' इथे चालत नाही.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की लगेच हेड गॅस्केट म्हणू नका. ब्रेकसाठी हवा भरणारा एअर कॉम्प्रेसरही त्याच कूलंटने थंड होतो आणि त्याचं हेड गॅस्केट गेलं तर हुबेहूब तीच लक्षणं दिसतात. कॉम्प्रेसरची हवा बाहेर नेणारी नळी सोडा म्हणजे त्यात दाब बनणार नाही, मग इंजिन चालवा. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा. चालूच राहिले तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टरचा कप (इंजेक्टरला कूलंटपासून वेगळं ठेवणारी बाही).

ऑइलचा नमुना लॅबमध्ये पाठवायचा तर गरम इंजिनातून, ऑइल निम्मं वाहून गेल्यावर घ्या. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकत्र वाढले तर धूळ आत जातेय, एअर फिल्टरनंतरचे होस तपासा. सोडियम किंवा पोटॅशियम म्हणजे कूलंट. शिसं म्हणजे बेअरिंग. एकटं तांबं वाढलं तर घाबरू नका, ते ऑइल कूलरमधूनही येतं. एका अहवालावरून इंजिन उघडू नये. तीन अहवालांतला कल बघावा.

लायनरला भोकं पडतात ती बाहेरून

वेट लायनरच्या, म्हणजे लायनर थेट कूलंटला टेकतो अशा इंजिनात पिस्टन आडवा दाबतो, लायनर थरथरतो आणि बाहेरच्या कूलंटमध्ये बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. थ्रस्टच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उभ्या ओळीत दिसतात, आणि त्यातला एक आरपार गेला की कूलंट ऑइलमध्ये उतरतं. उपाय कूलंटमधल्या नायट्राइटयुक्त ॲडिटिव्हचा. चाचणीपट्टीने दर ऑइल बदलाला प्रमाण बघा आणि बाटलीवरच्या तक्त्याप्रमाणे भर घाला. अंदाजाने जास्त ओतलं तर घट्ट जेल होऊन रेडिएटरच्या नळ्या आणि वॉटर पंपाचं सील बिघडतं. नुसतं पाणी टाकून चालवलेलं इंजिन असेल, तर बाकी कितीही गोड वाजत असलं तरी किंमत ठरवताना सहा लायनर धरूनच ठरवा.

नवीन लायनर बसवताना तो ब्लॉकच्या पृष्ठभागावर किती वर उभा आहे, हे डायल गेजने चार ठिकाणी मोजा. एनटीसी-८५५ साठी ०.०८ ते ०.१५ मिमी, म्हणजे तीन ते सहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एकाच लायनरच्या चार मापांत एका थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर काउंटरबोअर (लायनर टेकतो ती ब्लॉकमधली खाच) झिजलाय. तो कापून शिम (पातळ कडी) घालावा लागतो. हे टाळून हेड कितीही घट्ट आवळलं तरी गॅस्केट परत जातं.

टॅपेट सेटिंग

थंड इंजिनावरची व्हॉल्व्हच्या फटीची मापं, आधी इनटेक, मग एक्झॉस्ट:

एनटीसी-८५५ बिग कॅम: ०.२८ आणि ०.५८ मिमी
एन१४: ०.३६ आणि ०.६९ मिमी
कॅट ३४०६बी: ०.३८ आणि ०.७६ मिमी
सिरीज ६०, १२.७ लिटर: ०.२० आणि ०.५१ मिमी

इंजिनावरच्या पाटीवर वेगळा आकडा असेल तर पाटीचाच धरा. या चारही सहा-सिलिंडर इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. कमिन्सच्या ॲक्सेसरी ड्राइव्ह पुलीवर ए, बी, सी खुणा असतात. एका खुणेवर एका सिलिंडरचे व्हॉल्व्ह आणि दुसऱ्याच सिलिंडरचा इंजेक्टर लावायचा असतो, म्हणून तक्ता समोर ठेवूनच काम करा. इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवा. खूण पुढे गेली तर बरंच मागे नेऊन परत पुढे आणा, म्हणजे गिअरांमधला ढिलेपणा निघतो. दोन व्हॉल्व्हवर बसणारा क्रॉसहेड आधी लावा, मग गॅप. उलट क्रमाने केलं तर एकच व्हॉल्व्ह उघडतो आणि स्टेम वाकतं.

गिअरबॉक्स

फुलर रोडरेंजरमध्ये दोन काउंटरशाफ्ट असतात आणि मेनशाफ्टवरचे गिअर त्या दोघांच्या मधे तरंगतात. जोर दोन बाजूंना वाटला जातो, म्हणून डबा छोटा असूनही टिकतो. आरटीएलओ-१६९१८बी या नावात १६ म्हणजे १,६५० फूट-पाउंड टॉर्क आणि शेवटचे १८ म्हणजे पुढचे अठरा गिअर. पुढच्या भागात सिंक्रोनायझर (गिअरांचे वेग आपोआप जुळवणाऱ्या रिंगा) नाहीत, त्यामुळे ड्रायव्हरला आरपीएम जुळवता यायला हवं. झेडएफ १६एस सारखा सिंक्रोमेश डबा नव्या हाताला सोपा, पण घाईने गिअर टाकणाऱ्याकडे त्याच्या रिंगा लवकर झिजतात आणि दुरुस्तीला डबा पूर्ण उघडावा लागतो. हात तयार असेल तर फुलर घ्यावा.

फुलरला गिअर ऑइल म्हणून जीएल-५ ईपी किंवा मल्टिग्रेड घालू नका. ५० नंबरचं सिंथेटिक ट्रान्समिशन ऑइल घाला. पातळी सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला ऑइल टेकेपर्यंत. बोट आत घालून ऑइल लागलं म्हणजे पुरे झालं, असं नाही. तापमान सतत १२० अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल तर पातळी, कूलर आणि ओव्हरलोड यांपैकी काहीतरी चुकतंय.

हाय-लो रेंज (डब्याच्या मागच्या भागातले, हवेवर बदलणारे दोन टप्पे) उशिरा पडत असेल तर गिअरांना दोष देण्याआधी हवा मोजा. डब्यावरच्या रेग्युलेटरनंतर दाब ५७.५ ते ६२.५ पीएसआय, म्हणजे साधारण ४ ते ४.३ बार असावा. कमी असेल तर त्याचा फिल्टर चोंदलेला असतो. रेंजची हवा वळवणाऱ्या स्लेव्ह व्हॉल्व्हच्या तोंडातून सतत फुस्स आवाज येत असेल तर त्याची किंवा रेंज पिस्टनची ओ-रिंग गेलीय. डब्याच्या ब्रीदरमधून (डब्यातला दाब बाहेर सोडणाऱ्या भोकातून) हवा येत असेल तर रेंज शाफ्टची. डब्यात दाब साठला की ऑइल सीलंही गळायला लागतात, आणि सीलं बदलून गळती थांबत नाही.

गिअर निसटत असेल आणि तोही फक्त खडबडीत रस्त्यावर, तर इंजिनाचे माउंटिंग रबर आणि लिव्हरचं लिंकेज बघा. आयडलवर खडखड येते आणि आरपीएम थोडा वाढवला की थांबते, तर ते तरंगत्या गिअरांचं नेहमीचं वाजणं. आयडल स्पीड बरोबर करा.

क्लच: इथे सगळ्यात जास्त डबे मरतात

पुल-टाइप क्लचची (ज्यात बेअरिंग ओढल्यावर क्लच सुटतो) प्लेट झिजत जाते तसं रिलीज बेअरिंग फ्लायव्हीलकडे सरकतं आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. बरेच मेस्त्री तो खेळ बाहेरच्या लिंकेजवर वाढवून देतात. पेडल छान वाटतं, पण बेअरिंग क्लच ब्रेकपर्यंत (डब्यात शिरणारा शाफ्ट थांबवणाऱ्या चकतीपर्यंत) पोचत नाही. मग पहिला आणि रिव्हर्स करकरत पडतो आणि दात घासतात. बरोबर क्रम असा:

१. इंजिन बंद, चाकांना ओट (अडसर). खालचं झाकण काढून रिलीज बेअरिंग आणि क्लच ब्रेक यांतलं अंतर मोजा. ते १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असावं.

२. चुकलं असेल तर सोबतीला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि क्लचमधली ॲडजस्टिंग रिंग एखादी खाच फिरवा. पेडल सोडून परत मोजा. कोणत्या दिशेने अंतर बदललं ते कळलं की पुढचं सोपं.

३. आता योक (बेअरिंग ओढणारा काटा) आणि बेअरिंग यांतलं अंतर ३.२ मिमी करा. यासाठीच फक्त बाहेरचं लिंकेज वापरायचं. पेडलला साधारण ३८ ते ५० मिमी खेळ येतो.

४. ०.२५ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) बेअरिंग आणि क्लच ब्रेकमध्ये धरून पेडल पूर्ण दाबा, मग हळू सोडा. फिलर मोकळा होईल तेव्हा पेडल फ्लोअरपासून १२ ते २५ मिमी वर असलं पाहिजे.

क्लच ब्रेक फक्त उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकण्यापुरता. चालत्या गाडीत प्रत्येक शिफ्टला पेडल तळाला टेकवलं की त्याच्या कड्या तुटतात. नवीन क्लच वरचेवर जळत असेल तर फ्लायव्हील हाउसिंगचा रनआउट (फिरवताना दिसणारा तिरकेपणा) मोजा. बोअर आणि फेस दोन्हीवर आठ थाऊ, म्हणजे ०.२० मिमीच्या आत हवा.

डबा उघडलाच तर काउंटरशाफ्टच्या टायमिंग खुणा गिअर काढण्याआधी रंगाने करा. प्रत्येक काउंटरशाफ्टवर एक दात, मधल्या गिअरवर समोरासमोर दोन-दोन दात. दोन शाफ्ट एका दाताने जरी मागेपुढे बसले तरी सगळा भार एकाच बाजूला येतो.

बंद पडलेली गाडी चालकचाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असताना काउंटरशाफ्ट फिरत नाहीत, ऑइल उडत नाही आणि चाकांनी फिरणारा मेनशाफ्ट कोरडाच जळतो. आधी हाफ शाफ्ट काढा किंवा प्रॉपेलर शाफ्ट सोडा, आणि उघडी राहिलेली हबची तोंडं झाकून बांधा, नाहीतर डिफरन्शियलचं ऑइल रस्त्यावर सांडेल.