ग्रॅज्युएशन अर्धवट सोडून परदेशात मेडिकलला जायचंय? मग सुरुवात लायसन्सपासून करा

"आधी डिग्री पूर्ण कर, मग मेडिकलचं बघ" असं सांगणारे लोक बहुतेक वेळा अमेरिका नाहीतर कॅनडा डोक्यात ठेवून बोलत असतात. तिथे एमडी (तिकडची डॉक्टर होण्याची मूळ डिग्री, आपल्या एमबीबीएससारखी) हा साधारणपणे चार वर्षांचा कोर्स असतो आणि तो बहुतेकदा पदवीनंतरच करतात. ब्रिटन, आयर्लंड, इटली, हंगेरी, जॉर्जिया अशा बऱ्याच देशांत मात्र शाळा संपली की थेट पाच-सहा वर्षांचं मेडिकल सुरू होतं. म्हणजे तुमच्या हातात पदवी नाही हे तिथे फारसं आडवं येत नाही, ते बघतात शाळेतले केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क आणि असेल तर त्यांची एन्ट्रन्स.

आणि खरं सांगू का, प्रवेश मिळणं हा यातला अवघड भाग नाहीच. फी भरायची तयारी असेल तर कुठे ना कुठे मिळतोच. सहा वर्षांनी जो कागद हातात पडेल त्यावर पेशंट तपासायची परवानगी मिळणार का आणि कोणत्या देशात मिळणार, खरी मेख तिथे आहे. नातेवाईक हे सोडून सगळं विचारतात. हॉस्टेल कसंय, जेवणाचं काय, थंडी किती.

म्हणून पहिली पायरी, कॉलेज शोधायच्या आधी प्रॅक्टिस कुठे करायची तो एक देश ठरवा. "बघू नंतर" चालणार नाही. नंतर मत बदललं तर बदलू द्या, पण आत्ता एक नाव पाहिजे, कारण पुढची सगळी तपासणी त्या देशाच्या नियमांवर करायची असते.

दुसरी पायरी म्हणजे ती तपासणी. माझं सगळं घोडं इथेच अडलं होतं, त्यामुळे इथे जरा थांबा, घाई करू नका.

एजंटच्या ब्रोशरवर "डब्ल्यूएचओ अप्रूव्ड" लिहिलेलं दिसलं की ते ब्रोशर बाजूला ठेवा. डब्ल्यूएचओ कुठल्याच मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. तसंच "एनएमसी अप्रूव्ड लिस्टमधलं कॉलेज". भारताचं नॅशनल मेडिकल कमिशन परदेशी कॉलेजांची अशी मान्यताप्राप्त यादी काढतच नाही, ते नियम सांगतं, कॉलेज त्यात बसतं का हे तुम्ही बघायचं. ही दोन वाक्यं जो माणूस छातीठोकपणे बोलतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता करायचं काय, तर वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स ही वेबसाइट उघडा. फुकट आहे. त्यात कॉलेजचं नाव टाका, आणि जाहिरातीतलं नाव नाही, डिग्रीवर छापून येणारं नाव. ही दोन वेगळी असू शकतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॉलेजच्या पानावर स्पॉन्सर नोट्स नावाचा भाग असतो, तो उघडून बघा. अमेरिकेत जायचं असेल तर ईसीएफएमजीची (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी अमेरिकन संस्था) नोंद तिथे दिसलीच पाहिजे, आणि नोंदीत पासआउटची कोणती वर्षं चालतात तेही दिलेलं असतं. ते वर्ष "करंट" आहे का मागेच कुठेतरी थांबलंय हे नीट वाचा. एक मात्र लक्षात ठेवा, डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे दर्जाची पावती नाही, डिरेक्टरीवाले स्वतःच तसं सांगतात. नाव नसेल तर विषय संपला, नाव असेल तर तपासणी आत्ता कुठे सुरू झाली.

भारतात परत यायचं असेल तर नोव्हेंबर २०२१ चे एनएमसीचे नियम मूळ इंग्रजीत स्वतः वाचा, कुणाच्या व्हिडिओवर अवलंबून राहू नका. थोडक्यात असं आहे: कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि तीही त्याच परदेशी संस्थेत. सगळं शिक्षण एकाच संस्थेत झालं पाहिजे, ट्रेनिंगचा कुठलाही तुकडा भारतात किंवा तिसऱ्या देशात चालत नाही. जॉइन झाल्यापासून १० वर्षांत सगळं उरकायचं. परत आल्यावर एफएमजीई ही ३०० मार्कांची स्क्रीनिंग परीक्षा, पास व्हायला १५०, आणि बसणाऱ्यांतले बहुसंख्य नापास होतात हे आधीच माहीत असलेलं बरं. त्यापुढे भारतात पुन्हा इंटर्नशिप. आणि हो, नीट-यूजी क्वालिफाय असल्याशिवाय यातलं काहीच लागू होत नाही, तो स्कोअर परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो.

"तिसऱ्या देशात चालत नाही" हे वाक्य परत वाचा. कॅरिबियन बेटांवरच्या बऱ्याच कॉलेजांत पहिली दोन वर्षं बेटावर आणि पुढची हॉस्पिटलमधली वर्षं अमेरिकेत असतात. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर ही रचना सोयीचीच आहे. भारतात यायचं असेल तर याच रचनेमुळे डिग्री बाद होते. कॉलेज तेच, कोर्स तोच, फक्त तुम्ही कुठे जाणार त्यावरून निकाल उलटा. म्हणून "हे कॉलेज चांगलंय का" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कुठे काम करण्यासाठी?

अजून एक गोष्ट जी कुणी विचारत नाही: या डिग्रीवर त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकाला तिथे लायसन्स मिळतं का? एनएमसीला तेच लागतं, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीचं लायसन्स. फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी काढलेली इंग्रजी बॅच असेल तर हा प्रश्न हमखास विचारा, आणि कॉलेजला नाही, त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलला ईमेलवर विचारा. मी एका कॉलेजला हे विचारलं होतं तर दर वेळी "आमचे विद्यार्थी जगभर काम करतात" एवढंच उत्तर यायचं. कौन्सिलने मात्र दोन ओळींत सरळ उत्तर दिलं. फोनवरचं बोलणं उपयोगाचं नाही, लेखी घ्या आणि सेव्ह करून ठेवा.

तिसरी पायरी, महिन्यांचा हिशोब. कॅरिबियनमधली बरीच कॉलेजं पदवी नसेल तरी घेतात, पण कॉलेजात केलेल्या अभ्यासाचे साधारण ९० क्रेडिट मागतात किंवा आधी स्वतःचं प्रीमेड, म्हणजे मेडिकलच्या आधीचा तयारीचा कोर्स, करायला लावतात आणि मग "साडेपाच वर्षांचा एमडी" म्हणून विकतात. प्रीमेड हे मेडिकल नाही. उरलेला एमडी चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिने, ५४ नाहीत. युरोपियन युनियनचा नियमही किमान पाच वर्षं आणि ५५०० तासांचा आहे. तुमच्या अर्धवट बीएस्सीचे क्रेडिट धरून एक वर्ष कमी करून देतो असं कुणी म्हणालं तर खूश होऊ नका, लायसन्स देणारे तेच वर्ष मोजायला बसतात. ईसीएफएमजी तर मेडिकल कॉलेजातलीच किमान चार क्रेडिट वर्षं मागतं.

चौथी, अर्ज. ब्रिटनला यूकॅट ही एन्ट्रन्स द्या आणि यूकॅसचा, म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या सामाईक साइटचा, फॉर्म १५ ऑक्टोबरच्या आत भरा, इटलीतल्या सरकारी इंग्रजी कोर्सला आयमॅट ही एन्ट्रन्स, बाकीच्यांचं त्यांच्या त्यांच्या साइटवर असतं.

पाचवी पायरी म्हणजे चालू डिग्री सोडणं, आणि ते रीतसर. लोक नुसतं कॉलेजला जायचं बंद करतात, मग ट्रान्सक्रिप्टवर (मार्कांच्या अधिकृत उताऱ्यावर) गैरहजेरी आणि नापासांची रांग लागते आणि ते कुणाला समजावून सांगता येत नाही. लेखी विड्रॉवल घ्या, किंवा कॉलेज देत असेल तर एक वर्षाची रजा घ्या म्हणजे परतीची वाट उघडी राहते. ब्रिटनमधली काही कॉलेजं दुसऱ्या कोर्सला असलेल्यांचा किंवा अर्ध्यात सोडलेल्यांचा अर्ज घेतच नाहीत, त्यामुळे प्रत्येकाची अट आधी बघा. पण अट नडतेय म्हणून जुनं कॉलेज फॉर्ममधे लपवायचं नाही, सापडलं तर सीट जाते. ट्रान्सक्रिप्टच्या सीलबंद कॉपी जास्तीच्या काढून ठेवा, कारण एकदा तिथून बाहेर पडलात की ऑफिसात तुमची फाइल शोधायला कुणी उठत नाही. आणि हे सगळं ऑफर लेटर हातात आल्यावर नाही, व्हिसा मंजूर झाल्यावर.