लॉगमधील घटकांची नावे आणि रचना: एक्सएमएल व जेसन

लॉग म्हणजे प्रोग्रॅम चालताना घडणाऱ्या घटनांची नोंद; ती एक्सएमएल किंवा जेसन या डेटा लिहिण्याच्या स्वरूपांत ठेवता येते. लॉग लिहिणारा प्रोग्रॅम एकच असला, तरी तो वाचणारे अनेक असतात: शोधयंत्रणा, इशारे देणाऱ्या स्क्रिप्ट आणि मध्यरात्री बिघाड शोधत बसलेला माणूस. म्हणून घटकाचे नाव कोडमधील व्हेरिएबलवरून न ठेवता नोंदीच्या अर्थावरून ठेवावे, आणि एकदा ठरल्यावर ते बदलू नये.

नावात डेटा शिरू देऊ नये. ‘युजर_४८२१’ अशी की (मूल्याला दिलेले नाव) बनवली, तर प्रत्येक वापरकर्त्यागणिक नवे फील्ड (नोंदीतील रकाना) तयार होते. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेत एका इंडेक्समधील (नोंदींच्या संग्रहातील) फील्डची डीफॉल्ट मर्यादा १००० आहे आणि ती ओलांडणाऱ्या नोंदी डीफॉल्ट मांडणीत नाकारल्या जातात. तेव्हा की ‘युजर_आयडी’ असावी आणि ४८२१ हे तिचे मूल्य. एकक मात्र नावातच घालावे. नुसत्या ‘ड्युरेशन’वरून २५० म्हणजे सेकंद की मिलिसेकंद हे कळत नाही, ‘ड्युरेशन_एमएस’वरून कळते. शब्द अंडरस्कोरने जोडायचे की कॅपिटल अक्षराने, हा वाद माझ्या मते निरर्थक आहे; एक्सएमएल आणि जेसन दोन्हींत कॅपिटल व स्मॉल अक्षरे भिन्न मानली जातात, एवढे ध्यानात ठेवून कोणतीही एक पद्धत पाळावी.

एक्सएमएलमध्ये पातळी, वेळ, थ्रेड अशी आटोपशीर मूल्ये टॅगच्या (कोनी कंसातील खुणेच्या) आत लिहिल्या जाणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवता येतात. संदेश आणि स्टॅक ट्रेस (त्रुटीपर्यंत पोचलेल्या फंक्शन-कॉलची यादी) मात्र एलिमेंटमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या व शेवटच्या टॅगच्या दरम्यान, ठेवावेत, कारण अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जशीच्या तशी लिहिलेली नवी ओळ पार्सर (फाइल वाचून तिची रचना उलगडणारा प्रोग्रॅम) स्पेसमध्ये बदलतो आणि चाळीस ओळींचा ट्रेस एका सलग ओळीत गोळा होतो. टर्मिनलवर रंग दाखवण्यासाठी वापरले जाणारे एस्केप हे नियंत्रण-चिन्ह एक्सएमएल १.० मध्ये कोणत्याही रूपात, अगदी कॅरेक्टर रेफरन्स (चिन्हाऐवजी लिहिलेला त्याचा क्रमांक) म्हणूनही, चालत नाही. असे एक चिन्ह राहिले तरी पार्सर तिथेच थांबतो. ते लिहिण्यापूर्वीच गाळावे.

चालू लॉग फाइल कधीच ‘संपत’ नाही, त्यामुळे रूट एलिमेंटचा (सगळ्या नोंदींना वेढणाऱ्या एलिमेंटचा) शेवटचा टॅग किंवा जेसनमधील यादीचा, म्हणजे अ‍ॅरेचा शेवटचा कंस लिहायला योग्य क्षणच मिळत नाही. जेसनमध्ये प्रत्येक ओळीवर एक पूर्ण ऑब्जेक्ट (की आणि मूल्यांच्या जोड्यांचा गट) लिहावा. एक्सएमएलमध्ये प्रत्येक घटना स्वयंपूर्ण एलिमेंट ठेवून रूटचे वेष्टन वाचणाऱ्या प्रोग्रॅमने घालावे. संदेशातील नव्या ओळी आणि अवतरणचिन्हे सीरियलायझर (डेटा या स्वरूपांत लिहून देणारी तयार लायब्ररी) नीट हाताळतो. स्ट्रिंग जोडून हाताने जेसन बनवणे म्हणजे आज ना उद्या मोडणारी फाइल.

जेसनचे मानक असलेल्या आरएफसी ८२५९ नुसार एका ऑब्जेक्टमधील की एकमेव असाव्यात. तीच की दोनदा आल्यास कोणते मूल्य उरेल याचा भरवसा नाही. ९००७१९९२५४७४०९९१ पेक्षा मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून लिहावेत, अन्यथा जावास्क्रिप्टमध्ये वाचताना शेवटचे अंक बदलू शकतात.

एका फील्डचा प्रकार नोंदीनोंदीला बदलू नये. एक्सएमएलवरून जेसन करणारी बरीच साधने ‘एरर’ हा एलिमेंट एकदा आला तर ऑब्जेक्ट बनवतात आणि दोनदा आला तर अ‍ॅरे, त्यामुळे चाचणीत नीट चाललेली क्वेरी (लॉगमध्ये शोध घेणारी सूचना) प्रत्यक्ष वापरात फसते. त्रुटी एकच असली किंवा एकही नसली, तरी ‘एरर्स’ हा अ‍ॅरेच लिहावा.