सोयूझ एमएस-१० चा अपघात: लिहिताना, सांगताना या चुका टाळा

गगनयानाचा विषय निघाला की अंतराळवीरांच्या सुटकेचं उदाहरण म्हणून सोयूझ एमएस-१० हे रशियन यान हमखास पुढे येतं. ११ ऑक्टोबर २०१८, कझाकस्तानातला बैकानूर प्रक्षेपण तळ. आपल्याकडे दुपारचे २ वाजून १० मिनिटं. यानात दोघेच होते: कमांडर अलेक्सी ओवचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग. दोन मिनिटांत रॉकेट बिघडलं, तरी दोघे सुखरूप उतरले. इथवर सगळे बरोबर सांगतात, गोंधळ पुढे सुरू होतो.

"पहिला टप्पा गळाला आणि दुसरा पेटलाच नाही" हे वाक्य तर आधी खोडा. हे यान नेणाऱ्या सोयूझ-एफजी रॉकेटचे पहिले दोन टप्पे एकावर एक रचलेले नसतात. मधे एक गाभा आणि त्याला चारी बाजूंनी टेकलेले चार निमुळते बूस्टर (जोडरॉकेटं), अशी मांडणी. पाचही भाग जमिनीवरच पेटतात. रशियन गणतीत चार बूस्टर मिळून पहिला टप्पा होतो आणि गाभा दुसरा. म्हणजे बिघाड झाला तेव्हा दुसरा टप्पा चांगला दोन मिनिटं जळत होता. तो पेटायचा राहिला नव्हता, त्याला बाजूच्या बूस्टरची धडक बसली.

धडक का बसली, हे समजायला बूस्टर सुटतो कसा ते नीट पाहावं लागतं. प्रत्येक बूस्टरच्या शेंड्याला एक गोळा असतो आणि तो गाभ्यावरच्या खोबणीत बसलेला असतो. बूस्टरचा सगळा जोर या गोळ्यातूनच गाभ्याला मिळतो. खालची बाजू पट्ट्यांनी बांधलेली. उड्डाणानंतर साधारण ११८ सेकंदांनी जोर कमी केला जातो, खालच्या पट्ट्या स्फोटकांनी तोडल्या जातात आणि उरल्यासुरल्या जोरावर बूस्टरचं बूड बाहेर फिरतं. शेंड्याचा गोळा खोबणीतून निसटतो. तो निसटला की तिथल्या सेन्सरची दांडी मोकळी होते, ऑक्सिजनच्या टाकीच्या शेंड्यावरचं टोपण उघडतं आणि आत उरलेल्या दाबाचा झोत सुटून शेंडा गाभ्यापासून दूर ढकलला जातो. चारही बूस्टरचं हे एकदम झालं की आकाशात क्रॉस उमटतो, ज्याला सोव्हिएत रॉकेटकार कोरोल्योव्ह यांच्या नावाने कोरोल्योव्हचा क्रॉस म्हणतात. एमएस-१० च्या चित्रफितीत तो नीट उमटत नाही, तुकड्यांचा ढग दिसतो.

त्या दिवशी एका बूस्टरचं टोपण उघडलंच नाही, कारण सेन्सरची दांडी वाकलेली होती. ती वाकली बैकानूरला, बूस्टर गाभ्याला जोडताना. झोत न मिळाल्याने शेंडा आतच राहिला, गाभ्याच्या इंधन टाकीपाशी आदळला, टाकी फुटली आणि रॉकेटचा तोल गेला. म्हणून 'सेन्सर बिघडला' असं मोघम लिहू नका. त्याने हुकूम द्यायची वेळ एकदाच येते, तीही उड्डाणात, बूस्टर सुटताना. जोडणीच्या टेबलावर झालेली चूक त्या क्षणापर्यंत गप्प बसून राहिली. चौकशीनंतर जोडून तयार असलेली रॉकेटं पुन्हा तपासायला सांगितलं गेलं, ते यासाठीच.

आता दोन बारीक चुका, पण जाणकार वाचक नेमक्या याच पकडतात. दांडी ६ अंश ४५ कलांनी वाकली होती. हे '६.४५ अंश' असं लिहिलेलं दिसतं. एका अंशात ६० कला, तेव्हा दशांशात लिहायचं तर ६.७५. दुसरी चूक बूस्टरच्या नावाची. दोषी होता 'द' ब्लॉक, इंग्रजी मजकुरात 'डी'. ए-बी-सी-डी समजून त्याला कोणी चौथा ठरवतं, पण मग गाभा कुठे गेला? रशियन वर्णमालेचा क्रम अ, ब, व, ग, द असा आहे. 'अ' म्हणजे गाभा, उरलेली चार अक्षरं चार बूस्टरांची.

सुटकेबद्दलची चूक जास्त पसरलेली आहे: "टोकावरच्या एस्केप टॉवरने (यान ओढून नेणाऱ्या सुटकेच्या रॉकेटने) दोघांना वाचवलं." टॉवर त्या वेळी रॉकेटवर नव्हताच! तो ठरल्याप्रमाणे ११४ व्या सेकंदाच्या सुमारास फेकला गेला होता, बूस्टर सुटण्याच्या जेमतेम चार सेकंद आधी. यानाला ओढून नेलं ते फेअरिंगवर, म्हणजे यानाभोवतीच्या कवचावर बसवलेल्या घन इंधनाच्या छोट्या मोटारींनी. टॉवर गेल्यापासून फेअरिंग निघेपर्यंतच्या मधल्या काळासाठीच त्या असतात. हुकूमही यंत्रणेने आपोआप दिला, कोणी बटण दाबलं नाही. टॉवरने वाचवलेले दोघे म्हणजे सोव्हिएत अंतराळवीर टिटोव्ह आणि स्ट्रेकालोव्ह, २६ सप्टेंबर १९८३, तेव्हा रॉकेट प्रक्षेपण तळावरच पेटलं होतं. गगनयानाशी तुलना करायचीच तर मुद्दा हा घ्या की तिथेही कमी उंचीच्या आणि जास्त उंचीच्या सुटकेच्या मोटारी वेगळ्या आहेत. २१ ऑक्टोबर २०२३ च्या टीव्ही-डी१ या गगनयानाच्या सुटका-चाचणीत यान सोडवलं गेलं ते रॉकेट ध्वनीच्या सुमारे १.२ पट वेगात असताना.

'अंतराळातून परतले' असंही लिहू नका. एमएस-१० सुमारे ९३ किलोमीटरपर्यंत चढलं, अंतराळाची सुरुवात मानल्या जाणाऱ्या १०० किलोमीटरच्या कारमन रेषेच्या खालीच राहिलं. उतरताना ६.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६.७ पट इतका भार पडला. कुठे २१ जी वाचलंत तर तो आकडा ५ एप्रिल १९७५ च्या लाझारेव्ह आणि माकारोव्ह या सोव्हिएत अंतराळवीरांच्या उड्डाणाचा, जे अल्ताय पर्वतात उतरले. एमएस-१० ची कुपी बैकानूरपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, कझाकस्तानातच, झेझकाझगान शहराजवळ १९ मिनिटं ४१ सेकंदांनी टेकली.

ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझला भोक सापडलं, ते यान एमएस-०९. त्याचा या अपघाताशी संबंध नाही.

आणि हेग यांची अंतराळवारी मोजताना २०१८ धरू नका. ओवचिनिन यांच्यासोबत ते १५ मार्च २०१९ ला एमएस-१२ ने स्थानकावर पोचले, रॉकेट तेच, सोयूझ-एफजी.