ओमाहात फ्लॉपवरचा स्ट्रेट सांभाळून कसा खेळावा

जुळे सोलापुरात आम्ही सहा जण शनिवारी रात्री पैसे न लावता, केवळ चिप्सवर ओमाहा हा पोकरचा प्रकार खेळतो. त्यात प्रत्येकाच्या हातात चार पत्ते असतात, आणि टेबलावर सर्वांसाठी आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर) पत्ता उघडतात. आमच्यापैकी बहुतेकांचा हात मेंढीकोटावर बसलेला आहे, आणि मेंढीकोटात एकदा केलेला हात कोणी परत घेऊ शकत नाही. ओमाहात मात्र फ्लॉपवर सर्वांत वरचढ असलेला डावही पुढच्या दोन पत्त्यांत मागे पडू शकतो.

गेल्या संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेवरून परतल्यावर अंथरलेल्या चादरीवर बसलो असताना माझ्याकडे इस्पिकचा गुलाम, किलवरची दश्शी, चौकटची चौकी आणि इस्पिकची दुर्री आली. फ्लॉपवर बदामची नव्वी, बदामची अठ्ठी आणि किलवरची सत्ती पडली. ओमाहात हातातले नेमके दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते धरायचे असल्याने गुलाम-दश्शीने माझा स्ट्रेट, म्हणजे सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच पत्त्यांचा डाव, झाला. त्या क्षणी त्याहून मोठा डाव कोणाचाच होऊ शकत नव्हता. मी पूर्ण पॉटने, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सच्या हिशेबाने, रेज करत (बेट वाढवत) गेलो आणि सगळ्या चिप्स फ्लॉपवरच मध्ये गेल्या. समोरच्या मित्राने दोन नव्व्या आणि बदामचे एक्का-पंजी दाखवले. म्हणजे त्याच्याकडे तीन नव्व्यांचा सेट होता; आणखी एक बदाम आला तर पाच बदामांचा फ्लश, किंवा टेबलावर जोडी जमली तर फुल हाउस होऊन तो स्ट्रेटच्या पुढे जाणार होता. आमचे आठ आणि फ्लॉपचे तीन वगळता उरलेल्या ४१ पत्त्यांपैकी १५ पत्ते त्याला टर्नवरच पुढे नेत होते, आणि रिव्हरपर्यंतचा हिशेब मांडला तर जिंकण्याची शक्यता त्याची सुमारे ६३ टक्के होती.

खरी अडचण चौकी-दुर्रीची होती, कारण त्यांनी पुढे सुधारायला काहीच जागा ठेवली नव्हती. समोरच्याकडे तोच स्ट्रेट आणि वर दोन बदाम असते, तर मला फार तर अर्धा पॉट मिळाला असता, त्याला मात्र पूर्ण मिळू शकला असता. म्हणून स्ट्रेट दिसताच प्रथम उरलेले दोन पत्ते पाहावेत. ते निरुपयोगी असतील आणि फ्लॉपवर एकाच रंगाचे दोन पत्ते असतील, तर रेज न करता फक्त कॉल करावा, म्हणजे दुसऱ्याने लावले तेवढेच लावावे. पॉटइतकी बेट कॉल झाली की पॉट तिप्पट होतो, १०० चा ३००, मग ९०० आणि २७००, त्यामुळे फ्लॉपवर टाळलेला एक रेज पुढे फार मोठा फरक पाडतो.

टर्नवर तिसरा बदाम पडला किंवा टेबलावरच्या पत्त्यांत जोडी जमली, आणि कोणी मोठी बेट लावली, तर स्ट्रेट सोडून द्यावा. हे मनाला जड जाते, पण तोवर आपले थोडेच गेलेले असते. उलट इस्पिकच्या तिरीसारखा निरुपद्रवी पत्ता पडला, तर तीच जोर लावण्याची वेळ असते आणि तेव्हा पूर्ण पॉटची बेट लावावी. आता प्रतिस्पर्ध्याला एकच पत्ता पाहायचा असतो: नुसता सेट असलेल्याला ४० पैकी १० पत्ते, म्हणजे २५ टक्के शक्यता उरते, तर पॉटइतकी बेट कॉल करणे परवडायला ३३ टक्के लागतात.

डावात तीन-चार जण टिकून असतील, तर फ्लॉपवर आणखी सावध राहावे, कारण प्रत्येकाचे उपयोगी पत्ते वेगळे असतात. मात्र आपल्याकडे पॉटइतक्याच चिप्स उरल्या असतील, तर टर्नची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या फ्लॉपवरच मध्ये घालाव्यात.