बाटलीवर टॅग आहे, तरी आतली फेणी बनावट? या चुका टाळा

काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, तसे नावावर जगणारेही वाढले. म्हणून बाटलीला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप) लावायचं मनावर घेणाऱ्या गोव्यातल्या उत्पादकांना मी आधी एकच सांगतो: टॅग म्हणजे नुसता नंबर. तो खोटा निघू शकतो, हे धरूनच पुढची आखणी करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टॅग बाटलीच्या पोटावर, लेबलाखाली चिकटवणं. फेणी संपते, रिकामी बाटली भंगारात जाते आणि तुमचा अस्सल टॅगही तिच्याबरोबर जातो. कुणी त्यात हलकी दारू भरून नवं झाकण लावलं, तर रीडर (टॅग वाचणारं यंत्र) तिला खरीच म्हणणार. टॅग झाकणावरून मानेवर उतरेल असा लावा. झाकण फिरवलं की अँटेना फाटली पाहिजे आणि टॅग मुका झाला पाहिजे.

पोटावरच्या टॅगचा दुसरा त्रास मी वेर्ण्याच्या एका गोदामात पाहिला. बारा बाटल्यांची पेटी दारातल्या रीडरसमोरून गेली आणि पडद्यावर सात आकडे उमटले. पुन्हा नेली, तर आठ. सगळे रीडरवर चिडले होते, पण दोष फेणीचा होता. यूएचएफ लहरी, म्हणजे हे टॅग ज्यांवर चालतात त्या रेडिओ लहरी, द्रवात शोषल्या जातात. टॅग मानेवर, द्रवाच्या पातळीच्या वर घेतले आणि बाराच्या बारा दिसले. काजूगराच्या चकचकीत पाकिटांचंही असंच. आतल्या धातूच्या थरावर साधा टॅग चालत नाही, धातूसाठी बनवलेला घ्यावा लागतो.

नकलेचं म्हणाल, तर साध्या टॅगमधला ९६ बिटांचा ईपीसी क्रमांक, म्हणजे त्या बाटलीचा ओळख क्रमांक, कुणीही वाचून कोऱ्या टॅगवर लिहू शकतो. टॅगचे पासवर्ड कारखान्यातून बहुधा सगळे शून्य येतात आणि तसेच राहतात. ते बदला, मेमरी लॉक करा. चिप बनवणाऱ्याने घातलेला टीआयडीही नोंदवून ठेवा. त्याचीही नक्कल होऊ शकते, पण त्यासाठी वेगळ्या चिपा लागतात. उंची मालाला मात्र गुप्तलेखनाची एनएफसी (अगदी जवळ धरून वाचायची) चिपच लावा, पैसे वाचवू नका. तिचं उत्तर दर वेळी नवं असतं, जुनं उत्तर चोरून उपयोग नाही. शिवाय यूएचएफ टॅग गिऱ्हाइकाच्या साध्या फोनला वाचताच येत नाही, एनएफसी बहुतेक नव्या फोनना वाचता येते. पणजीत बाटली घेणाऱ्याला स्वतः खात्री करता यावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

परदेशातून स्वस्तात रीडर मागवताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०२ ते ९२८. तिथली सेटिंग इथे चालवू नका.

शेवटी नोंदी. वाचन फक्त गोदामाच्या दारात होत असेल, तर पुढे काय झालं ते कळणार नाही. वितरकाकडे आणि दुकानातही वाचन हवं. एकच नंबर सकाळी उत्तर गोव्यातल्या म्हापशात आणि तासाभरात पार दक्षिणेच्या काणकोणात दिसला, तर त्यातली एक बाटली नक्कीच तुमची नाही. असं दिसल्याची सूचना कुणी न उघडणाऱ्या ईमेलवर पाठवू नका. त्या दोन्ही दुकानांना फोन कोण करणार आणि माल बाजूला कोण ठेवणार, ते पहिली पेटी गोदामातून निघण्याआधी नावानिशी ठरवून घ्या.