लांब उडीचा कोन मोबाइलवर कसा मोजावा

‘४५ अंशात उडी मार’ हे पोरांना सांगणं आधी बंद करा. सांगली जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांत हा सल्ला मी अजूनही ऐकतो आणि दर वेळी जीव कळवळतो. जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून निघालं की सर्वांत लांब जातं, हा नियम दगडाचा. कुठल्याही कोनात फेकला तरी वेग तोच राहतो आणि सुटला त्याच उंचीवर तो पडतो, असं धरून काढलेला. धावत येणाऱ्या मुलीचा आडवा वेग सेकंदाला ७ मीटर असेल, तर ४५ अंशांसाठी वर जाण्याचा वेगही ७ हवा. म्हणजे तिची कंबर अडीच मीटर वर उचलली गेली पाहिजे. असं जगात कुणालाच जमत नाही. माईक पॉवेलने १९९१ मध्ये टोकियोला ८.९५ मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा फळी सोडतानाचा कोन सुमारे २३ अंश होता.

आपल्या पोरांचा कोन मोजायला मोबाइल, स्टँड, टेप आणि दोन काठ्या पुरतात.

फोन उडीच्या रेषेपासून दहा-बारा मीटर लांब, बाजूला, कमरेच्या उंचीवर लावा. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमचं ठेवा. फळी आणि टाच पडेल ती वाळू, दोन्ही दिसली पाहिजेत. उडीआधी फळीपासून १ आणि ४ मीटरवर दोन पोरांना काठ्या उभ्या धरायला लावा, तेवढं शूट करा आणि त्यांना बाजूला घ्या. काठ्या उडीच्या रेषेतच हव्यात. खड्ड्याच्या तुमच्याकडच्या कडेला धरल्या तर पडद्यावर त्यांच्यातलं अंतर जास्त दिसतं आणि वेग कमी निघतो. यानंतर फोनला हात लावायचा नाही.

घरी लॅपटॉपच्या पडद्यावर वहीचं पारदर्शक कव्हर चिकटवा आणि स्केचपेनने काठ्यांच्या जागा व कमरेचे ठिपके काढा. कंबर पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत, म्हणजे ३ मीटर, १०० फ्रेममध्ये गेली तर आडवा वेग ७.२. बुटाचं टोक फळी सोडतं तिथून टाच वाळूला टेकेपर्यंत १६८ फ्रेम झाल्या, तर हवेतला वेळ ०.७० सेकंद. इथवर सोपं आहे.

आता उभा वेग, म्हणजे वर जाण्याचा. इथेच मी एक अख्खा हंगाम घालवला. पुस्तकात वर जायला निम्मा वेळ आणि खाली यायला निम्मा, म्हणून मी ०.३५ ला ९.८ ने (गुरुत्वाकर्षणाच्या आकड्याने) गुणलं. उभा वेग आला ३.४३ आणि कोन २५ अंशांच्या वर. ‘तू फार वर जातेस, सपाट जा’ असं मी एका मुलीला तीन महिने सांगत राहिलो. ती इमानाने सपाट जायला लागली आणि तिच्या उड्या आखूड झाल्या. चूक तिची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. याचं वाईट मला आजही वाटतं.

फळी सोडताना तिची कंबर जमिनीपासून मीटरभर वर असायची, पण टाच वाळूला टेकताना पाय पुढे ताणलेले असल्यामुळे ती अर्ध्या मीटरवर आलेली असायची. म्हणजे जेवढी वर गेली त्यापेक्षा अर्धा मीटर जास्त खाली आली, आणि खाली यायला वेळही जास्त लागला. निम्मा-निम्मा हिशेब इथे लागूच होत नाही. (करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ मध्ये पॅरिसला गोळा १६.३२ मीटर फेकून पॅरालिम्पिकचं रौप्यपदक आणलं. गोळाही खांद्याजवळून सुटतो आणि जमिनीवर पडतो, म्हणून त्याचाही योग्य कोन ४५ च्या खालीच असतो.)

बरोबर रीत अशी. ४.९ ला (९.८ च्या निम्म्याला) वेळेच्या वर्गाने गुणा: २.४० मीटर. त्यातून कंबर जेवढी खाली आली ते ०.५० वजा करा: १.९०. याला ०.७० ने भागा. उभा वेग २.७. त्याला ७.२ ने भागलं की ०.३८ येतं, आणि कॅल्क्युलेटरवर टॅनचं उलटं बटण (tan⁻¹) दाबलं की २१ अंशांच्या आत-बाहेर. मुलीचा कोन चांगलाच होता!

कमरेची उंची टाच टेकण्याच्या फ्रेमवरच मोजा, ती वाळूत बसल्यावर नाही. कंबर म्हणजे नेमका गुरुत्वमध्य, शरीराचं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, नव्हे हे खरं. पण कंबर किती खाली आली हे मोजताना १० सेंटीमीटरची चूक झाली, तरी कोन साधारण एका अंशाने हलतो. एवढं चालतं.

एका उडीवरून काही ठरवू नका, निदान पाच मोजा. आणि पोराला कोनाचा आकडा सांगून ‘तेवढ्यात उडी मार’ म्हणू नका. तो वेगांतून आपोआप येतो. उभा वेग कमी असेल तर शेवटून दुसरं पाऊल जरा लांब आणि शेवटचं आखूड टाकायला शिकवा. फळीवर पाय फार पुढे रोवून तो ब्रेक लावत असेल, तर आधी ते सोडवा.

पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या धावमार्गावर मोजमाप नको. बुटाला चिखल धरतो, आडवा वेग पडतो, उभा तेवढाच राहतो, आणि उडी आखूड होऊनही कोन वाढलेला दिसतो.